नकाशावर ओढा आणा: स्थानिक विकास आराखड्यात हवामान बदलाची तजवीज कशी करायची

हल्ली नव्या विकास आराखड्यांच्या अहवालात हवामान बदलावर एक प्रकरण असतंच. तापमानवाढ, अवकाळी, ढगफुटी, शाश्वत विकास, सगळं त्यात येतं. पुढच्या पानावर रस्त्यांच्या रुंदीचा तक्ता सुरू होतो आणि त्या प्रकरणाशी पुन्हा कुणाचा संबंध येत नाही. कारण बांधकाम परवानगीची फाइल टेबलावर आली की नगररचना विभागातला माणूस अहवाल उघडत नाही. तो नकाशा बघतो आणि नियमावली बघतो. प्लॉट पिवळ्या निवासी रंगात आहे, समोर नऊ मीटरचा रस्ता आहे, मग झाली परवानगी. त्या प्लॉटमधून पावसाळ्यात ओढा वाहतो हे नकाशात नसेल, तर त्या फाइलपुरता तो ओढा नाहीच.

म्हणून वेगळा ‘हवामान आराखडा’ छापण्याआधी आहे त्या आराखड्याच्या नकाशात चार रेषा आणि नियमावलीत चार अटी घुसवा, असं माझं सांगणं आहे. त्या कशा घुसवायच्या ते पुढे टप्प्याटप्प्याने सांगतो. नगरसेवक, सरपंच, ग्रामसेवक, तरुण वास्तुविशारद किंवा शेजारचा नाला बुजताना पाहून अस्वस्थ होणारे नागरिक, कुणालाही हे करता येईल. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, कायदाही इथलाच.

पायरी १: आपल्या जमिनीवर कोणता आराखडा चालतो ते शोधा

इथेच बरेच जण चुकीच्या दारावर जातात. नगरपरिषद, नगरपंचायत किंवा महापालिकेच्या हद्दीत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालचा विकास आराखडा चालतो. तो साधारण २० वर्षांसाठी असतो. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असा आराखडा सहसा नसतो. तिथे जिल्ह्याची प्रादेशिक योजना असते आणि तिच्या नकाशात तुमचं अख्खं गाव म्हणजे हिरव्या शेती विभागातला एक ठिपका असतो.

ग्रामपंचायत दरवर्षी ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणून जो आराखडा करते, तो जमीन वापराचा नसतो. तो निधी कशावर खर्च करायचा याचा असतो. गटार, मोऱ्या, तलावातला गाळ, झाडं ही कामं त्यात बसतात. एखाद्या गटावर घरं बांधायची की नाही हे त्यातून ठरत नाही.

गावांसाठी एक कलम मात्र पाठ करून ठेवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतची जमीन ठरावीक रक्कम भरल्यावर अकृषिक झाल्याचं मानलं जातं. म्हणजे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तुमचं गाव कुठे वाढणार हे जवळपास ठरलेलं आहे. गावाकडे पूर्ण शिवाराचा अभ्यास करायला माणसं नसतील, तर निदान या २०० मीटरच्या पट्ट्याचा करा. त्यातला ओढा, उतार आणि सखल जागा कागदावर आल्या तरी निम्मं काम झालं.

पायरी २: वेळ साधा

विकास आराखड्याची गाडी ठरलेल्या स्थानकांवर थांबते. कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. कलम २५ खाली अस्तित्वातील जमीन वापराचा नकाशा तयार होतो. कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते, मग आराखडा शासनाकडे मंजुरीला जातो.

लोक जागे होतात ते कलम २६ ला. तोवर रंग भरून झालेले असतात, प्रत्येक रंगामागे कुणाचा तरी व्यवहार उभा असतो आणि तुमची सूचना ही कुणाच्या तरी जमिनीवरची हरकत ठरते. खरं काम कलम २५ च्या वेळी करायचं असतं. अस्तित्वातील जमीन वापर नकाशा म्हणजे आज जमिनीवर काय आहे याची नोंद. ओढा आज आहे, म्हणून तो दाखवा, एवढंच तिथे म्हणायचं असतं. त्यात कुणाच्या जमिनीवर आरक्षण पडत नाही, कुणाचा तोटा नाही, वादही फारसा होत नाही. इरादा जाहीर झाल्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. ती दिसली की मुख्याधिकाऱ्यांना आणि सहायक संचालक, नगररचना यांना आपल्या ओढ्यानाल्यांची यादी लेखी द्या आणि पोच घ्या.

याच कायद्याचं कलम २२ एकदा शांतपणे वाचण्यासारखं आहे. आराखड्यात काय काय असू शकतं याची ती यादी आहे. त्यात पूरनियंत्रणाची तरतूद आहे आणि त्याच यादीत सखल, दलदलीच्या जमिनी भरून काढण्याचीही आहे. १९६६ साली पाणथळ जागा म्हणजे डासांचं घर, ती बुजवणं म्हणजे सुधारणा, असाच समज होता. त्यामुळे ‘कायद्यात पूर कुठे आहे?’ असं विचारणाऱ्याला कलम २२ दाखवा. सखल जमीन भरण्याच्या कलमाचा आधार घेऊन कुणी आला, तर त्याच यादीतला पूर त्याला दाखवा.

पायरी ३: पाण्याचा नकाशा स्वतः तयार करा

हा सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात मोलाचा टप्पा. सल्लागार संस्था उपग्रहाच्या चित्रावरून नकाशा करते. चित्र बहुधा उन्हाळ्यातलं असतं, कारण तेव्हा ढग नसतात. उन्हाळ्यात कोरडा ओहोळ वरून शेताच्या बांधासारखा दिसतो आणि नकाशातून गळतो.

आधी कागद गोळा करा. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा आणि गटांचे नकाशे घ्या. जुन्या मोजणीत ओढे बारकाईने दाखवलेले असतात. मग त्या गटांचे सातबारे काढा आणि पोटखराब ‘ब’ चा रकाना बघा. रस्ते, नाले, पाट अशा सार्वजनिक वापराखालचं क्षेत्र तिथे नोंदवलेलं असतं. नकाशावर रेष आणि सातबाऱ्यावर पोटखराब ‘ब’ असा दुहेरी पुरावा मिळाला की ‘इथे ओढा नव्हताच’ हे वाक्य बंद होतं. त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा स्थलदर्शक नकाशा ठेवा. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं सरकवत बघा. कुठल्या साली भराव पडला तेही दिसतं. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिकलेला एखादा विद्यार्थी मिळाला तर हे सगळे थर एकावर एक बसवून देईल.

मग चालायला निघा. शिवारफेरी पावसाळ्यात करा, जमलं तर मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. सोबत गावातली दोन-तीन जुनी माणसं हवीत, आणि त्यात बाया हव्यात. पाणी कुठून घरात शिरतं, जनावरं कुठे हलवावी लागतात, कुठली विहीर आधी गढूळ होते, हे त्यांना पक्कं माहीत असतं. विचारताना स्थानिक शब्द वापरा. देशावर ओढा, ओघळ, चर म्हणतील, कोकणात पऱ्या आणि वहाळ म्हणतील. ‘नैसर्गिक जलप्रवाह’ असं विचारलंत तर कुणी काही सांगणार नाही.

प्रत्येक ओढ्याच्या चार गोष्टी लिहा: काठापासून काठापर्यंतची रुंदी, खोली, आठवणीतलं सगळ्यात वरचं पाणी आणि अडथळे. पाण्याची खूण भिंतीवर दाखवली की तिचा फोटो आणि मोबाइलवरचं अक्षांश-रेखांश. अडथळ्यांत मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटा), पाइप, भिंती, राडारोडा, सगळं आलं. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जे केलं, ते डोळ्यांसमोर ठेवून ही यादी करा. एरवी लोक ज्याला गटार म्हणत होते, त्याने एका रात्रीत सोसायट्यांच्या भिंती पाडल्या.

तलाव असेल तर त्याचा सांडवा आणि सांडव्याखालची वाट स्वतंत्रपणे दाखवा. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिमीहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. सांडव्याची वाट बुजली तर तलाव नवी वाट शोधतो, आणि ती बहुधा वस्तीतून जाते.

पायरी ४: मोरीचं गणित घाला

सभेत ‘पाणी वाढणार’ असं म्हटलं की अभियंता मान हलवतो आणि विसरतो. आकडा दिला की त्याला उत्तर द्यावं लागतं. त्यासाठी अभियांत्रिकीच्या पुस्तकातलं एक साधं सूत्र पुरतं. वाहून येणारं पाणी घनमीटर प्रति सेकंदात हवं असेल तर वाहाव गुणांक (पडलेल्या पावसातला किती भाग वाहून जातो तो आकडा), पावसाची तीव्रता मिमी प्रति तास आणि पाणलोटाचं क्षेत्र हेक्टरमध्ये, या तिघांचा गुणाकार करून ३६० ने भागायचं.

समजा तुमच्या ओढ्याचं पाणलोट ५० हेक्टर आहे आणि तासाला ६० मिमी या वेगाने पाऊस पडतोय. आज तिथे शेती आहे, म्हणजे गुणांक साधारण ०.३. पाणी आलं २.५ घनमीटर प्रति सेकंद. ९०० मिमी व्यासाचा पाइप दोन मीटर प्रति सेकंद वेगाने भरून वाहिला तर सव्वा घनमीटरच्या आसपास नेतो, म्हणजे दोन पाइपांची मोरी जेमतेम पुरते. आता प्रारूप आराखड्याने ते ५० हेक्टर निवासी केले. छतं, डांबर, पेव्हर ब्लॉक आले आणि गुणांक ०.७ वर गेला. तोच पाऊस, तोच ओढा, पण पाणी ५.८ घनमीटर. मोरी मात्र तीच दोन पाइपांची.

यात अजून हवामान बदल धरलेलाच नाही. पावसाचा वेग ६० वरून ७५ झाला तर पाणी सव्वासातच्या पुढे जातं. म्हणून जमीन वापर बदलताना खालच्या सगळ्या मोऱ्यांचं गणित मागा. पावसाच्या आकड्यांसाठी महसूल मंडळाच्या नोंदी मिळतात. पण २४ तासांत ६५ मिमी म्हणजे अतिवृष्टी हा पंचनाम्याचा हिशेब आहे, मोरीचा नाही. ६५ मिमी दिवसभर पडला तर जमीन पिते, तासाभरात पडला तर रस्त्यावरून वाहतो. महावेधच्या स्वयंचलित हवामान केंद्रांवर दिवसाच्या बेरजेपेक्षा बारीक नोंदी असतात, त्या मागा.

पायरी ५: नदी असेल तर निळी आणि लाल रेषा

जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा आहे. तिथे वाहनतळ, बाग, ओट्यांचा भाजीबाजार, स्मशानभूमी असे मोजके वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर.

‘१०० वर्षांतून एकदा’ ऐकून माणूस निर्धास्त होतो. गणित वेगळं आहे. आराखड्याच्या २० वर्षांच्या आयुष्यात निळ्या रेषेइतकं पाणी निदान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के, लाल रेषेइतकं येण्याची १८ टक्के. तेही पावसाचं वागणं जुनंच राहिलं असं धरून. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने दोनदा, पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. म्हणून आखलेली रेषा हा किमान आधार धरा आणि त्यावर तुम्ही शिवारफेरीत गोळा केलेल्या पाण्याच्या खुणांचा तिसरा थर घाला. खुणा रेषेच्या बाहेर पडत असतील तर तो पुरावा जलसंपदा विभागाला पाठवून फेरआखणी मागा.

पूररेषेला विरोध होणार हे धरून चाला. जमिनीचा भाव पडतो, कर्ज मिळत नाही, जुनं घर पाडून नवं बांधता येत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. विरोध करणाऱ्याला बिल्डरचा माणूस ठरवून वाद जिंकता येत नाही. त्याला नियमावली उघडून दाखवा. विकसनक्षम विभागातल्या प्लॉटचा काही भाग पूररेषेत गेला तर त्या भागाचा चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे तिथे जेवढं बांधकाम करता आलं असतं ते, उरलेल्या भागावर वापरता येतो, आणि निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या अधिकृत इमारतींच्या पुनर्विकासालाही अटींसह वाट आहे. हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

मला या नियमात एकच गोष्ट खटकते. लाल रेषेच्या वर ०.४५ मीटर जायचं म्हटलं की प्लॉटधारक मुरूम आणून भराव करतो. त्याचं घर कोरडं राहतं, पाणी शेजाऱ्याकडे सरकतं, शेजारी पुढच्या वर्षी त्याहून उंच भराव करतो. तुमच्या सूचनेत स्पष्ट अट मागा: पातळी खांबांवर घ्यावी, भरावावर नाही, आणि तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवावा. रस्त्यांनाही हेच लागू. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग दोन्ही पुरांत बंद पडला आणि आसपासच्या गावांची मागणी अजूनही तीच आहे, भराव नको, पिलरचा पूल द्या. आराखड्यात नदीला आडवा जाणारा प्रत्येक प्रस्तावित रस्ता शोधा आणि त्यावर हीच हरकत घ्या.

चिपळूणसारख्या ठिकाणी, जिथे अख्खी बाजारपेठच वाशिष्ठीच्या पाण्यात जाते, तिथे रेषा आखून दुकानं हलत नाहीत. २२ जुलै २०२१ ला तिथे पहिला मजला गाठणारं पाणी आलं. अशा जुन्या गावभागात जमीन वापर तोच ठेवून इमारतीच्या अटी बदलाव्या लागतात. वीजमीटर आणि जनित्र वरच्या मजल्यावर, माल साठवायला पोटमाळा, गच्चीवर जाणारा जिना बाहेरून, आणि दवाखाना, अग्निशमन केंद्र, उपकेंद्र यांच्या नव्या जागा पूररेषेबाहेर. यातला शेवटचा मुद्दा आराखड्याच्या हातात पूर्णपणे आहे, तरी पुष्कळदा विसरला जातो, कारण नदीकाठची सरकारी जागा फुकट असते.

दुष्काळी तालुक्यांनी हे प्रकरण ओलांडून पुढे जाऊ नये. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा आणि मोहोळ भागातली गावं वेढली. टँकर मागणाऱ्या गावांच्या नकाशात पूररेषा नसणं समजू शकतो, आता मात्र ती लागेल.

पायरी ६: उतार

माळीण, ३० जुलै २०१४, दरडीखाली १५१ जणांचा मृत्यू. तळिये, २२ जुलै २०२१, ८० हून अधिक. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव नाही म्हणजे धोका नाही, असं म्हणण्याची सोय त्या रात्रीपासून उरलेली नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे भूकोश या संकेतस्थळावर बघता येतात. ते १:५०,००० चे आहेत, वाडीच्या पातळीवर त्यांचा उपयोग फक्त ‘इथे नीट बघा’ एवढाच. पुढचं पायांनी करायचं. डोंगरावर नवी भेग, झुकलेली झाडं आणि खांब, अचानक फुटलेला किंवा आटलेला झरा, गढूळ झालेलं पाणी, घराच्या जोत्याला तडा, दार घट्ट बसू लागणं, याच्या नोंदी तारखेसह ठेवा.

तीव्र उतार नकाशावर ओळखायची एक सोपी पट्टी आहे. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको, हे सूत्र आपल्या नियोजनात रुळलेलं आहे. स्थलदर्शक नकाशात समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या २० मीटरच्या अंतराने असतील तर १:५ म्हणजे आडवं अंतर १०० मीटर. १:५०,००० च्या नकाशावर ते दोन मिलिमीटर भरतं. दोन रेषांमधलं अंतर दोन मिलिमीटर किंवा कमी दिसलं की त्या पट्ट्यावर लाल पेन्सिल. आणि फक्त उतार रंगवून थांबू नका, उताराच्या पायथ्याचीही पट्टी घ्या. माणसं मरतात ती बहुधा तिथे.

पुनर्वसनाची जागा निवडतानाही हीच परीक्षा लावा. माळीणचं नवं गाव २०१७ साली लोकांच्या ताब्यात आलं आणि पहिल्याच पावसात रस्ते खचले, भिंतींना तडे गेले. डोंगर कापून सपाटी केली की पाण्याचा निचरा मोडतो. जागा आधीपासून राखून ठेवली तर घाईत वाईट जागा घ्यावी लागत नाही. म्हणून दरडीखालच्या प्रत्येक वाडीसाठी सपाट, पाण्याची सोय असलेली एक गायरान किंवा सरकारी जागा आत्ताच ग्रामसभेच्या ठरावाने सुचवून ठेवा. लोक जाणार नाहीत असं ऐकायला मिळेल. रानापासून सात किलोमीटरवर जागा दाखवली तर नाहीच जाणार.

पायरी ७: ऊन, भूजल आणि खाडी, थोडक्यात

उन्हाचं नियोजन नकाशात फार जागा घेत नाही. आठवडी बाजार, एसटी स्थानक, मजूर अड्डा आणि दवाखाना यांना जोडणारे रस्ते निवडा आणि त्यांच्या छेदचित्रात झाडांची सलग माती असलेली पट्टी दाखवा. काँक्रीटमधल्या दोन फुटी चौकोनात लावलेला कडुनिंब सावली देण्याआधी मरतो. चंद्रपूर, जळगाव, नागपूरकडच्या गावांनी तरी यावर तडजोड करू नये.

भूजलासाठी एकच रेष महत्त्वाची: गावाच्या विहिरी ज्या माळावरून भरतात तो माळ. तो औद्योगिक किंवा निवासी रंगात गेला की खालच्या विहिरी हळूहळू उतरतात. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, शेतीसाठी बोअर बंद केले. ताळेबंद मांडण्याआधी पाणी मुरायची जागा शिल्लक असावी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातून पुनर्भरण क्षेत्रांची माहिती मागवा आणि ते गट शेती किंवा हरित विभागातच ठेवा.

कोकण आणि गोव्यात खारबंधारे आणि खाजण, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनी आहेत. भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाला की पाणी साठायला हीच जागा असते. तिला पडीक म्हणून नोंदवू देऊ नका.

पायरी ८: रेषेचा नियम करा, आरक्षण नको

आता सगळ्यात महत्त्वाची खुबी. ओढ्याकाठी ‘बागेचं आरक्षण’ टाका, अशी सूचना लोक उत्साहाने करतात. ऐकायला छान. पण आरक्षित जमीन संपादित करावी लागते, नगरपरिषदेकडे पैसे नसतात, दहा वर्षं जातात आणि मालक कलम १२७ खाली नोटीस देतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. ओढा बागेच्या नावाखाली वाचवला, म्हणून तो बागेबरोबर गेला.

त्याऐवजी तीन गोष्टी मागा. पहिली, ओढा आणि त्याचा पूरपट्टा आरक्षण म्हणून नाही तर अस्तित्वातील जलप्रवाह म्हणून दाखवावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बांधकामविरहित पट्टा नियमावलीत घालावा. नियम संपादन मागत नाही आणि दहा वर्षांनी संपतही नाही. दुसरी, ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडण्याच्या रेखांकनात जी १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, ती ओढा असलेल्या गटांत ओढ्याच्या काठालाच सोडण्याची अट घालावी. एरवी विकसक ती कोपऱ्यातल्या विजेच्या तारांखाली देतो. एकेक रेखांकन मंजूर होत गेलं की काठाने सलग हिरवी पट्टी तयार होते, तीही पालिकेचा एक रुपया खर्च न होता. तिसरी, जिथे खरोखर जमीन ताब्यात लागणार आहे, म्हणजे पाणी साठवायचं तळं वगैरे, तिथेच आरक्षण टाकावं आणि मोबदल्याला पैशांऐवजी हस्तांतरणीय विकास हक्काचा, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्काचा, पर्याय ठेवावा. पुष्कळ लहान मालक असतील तर नगररचना परियोजना बरी पडते. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून नव्याने वाटताना ओढा सामाईक जागेत घेता येतो.

काठावर आधीच झोपड्या असतील तर नियम करताना त्यांची पर्यायी जागा त्याच आराखड्यात, कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर दाखवा. हरित पट्ट्याच्या नावाखाली झोपड्या उठल्या आणि पलीकडच्या काठावरचं मंगल कार्यालय तसंच राहिलं, तर लोक पुढच्या वेळी तुमच्या नकाशावर विश्वास ठेवणार नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

पायरी ९: हरकत कशी लिहायची

कलम २५ ची वेळ निघून गेली असेल तर ३० दिवसांच्या मुदतीत लेखी हरकत द्या. भाषण नको. एका मुद्द्याला एक अर्ज. गट क्रमांक, प्रारूप नकाशातला प्रस्ताव, जमिनीवरची स्थिती, पुरावा आणि नेमका बदल, हे पाच भाग पुरेत. मजकूर साधारण असा:

“गट क्र. … मधून दक्षिणोत्तर ओढा वाहतो. गाव नकाशात तो दर्शविला असून सातबाऱ्यावर पोटखराब ‘ब’ क्षेत्राची नोंद आहे. प्रारूप आराखड्यात हे क्षेत्र निवासी विभागात दर्शविले आहे व ओढा दर्शविलेला नाही. दि. … रोजी पाणी सोबतच्या छायाचित्रातील खुणेपर्यंत आले होते. तरी ओढा अस्तित्वातील जलप्रवाह म्हणून दर्शवावा व दोन्ही काठांस बांधकामविरहित पट्टा ठेवावा, ही विनंती. सुनावणीस प्रत्यक्ष उपस्थित राहू इच्छितो.”

शेवटचं वाक्य विसरू नका. सुनावणीला जाताना मोठा छापलेला नकाशा न्या आणि पाणी शिरलेल्या घरातली दोन माणसं सोबत घ्या. नियोजन समितीत लोकप्रतिनिधींबरोबर नगररचना किंवा पर्यावरणाची जाण असलेले तज्ज्ञही नेमले जातात. मोऱ्यांचं गणित त्यांच्यासाठी ठेवा, फोटो बाकीच्यांसाठी.

पायरी १०: मंजुरीनंतर दर पावसाळ्यात

मंजूर आराखड्यातही कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल होऊ शकतात. एरवी या कलमाचा वापर हिरव्याचं पिवळं करायला होतो. तुम्ही उलट दिशेने करा. त्यासाठी नोंदी लागतात. पाणी ओसरल्यापासून दोन दिवसांच्या आत, चिखलाची रेघ धुतली जाण्याआधी, ठरलेल्या दहा-बारा ठिकाणी ऑइलपेंटने खूण आणि तारीख रंगवा: शाळेची भिंत, पुलाचा खांब, विजेचा खांब, मंदिराचं जोतं. त्या उंच्या एका वहीत उतरवा आणि वहीची प्रत ग्रामसभेत किंवा सर्वसाधारण सभेत ठेवून ती इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढच्या रेखांकनाची फाइल आली की तिला त्या इतिवृत्ताची प्रत जोडायला लावा.